अंग सैल सोड

आमच्या दादांना पाण्यात बुडवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. दादा म्हणजे माझे वडील, सोनबा होडीवाले. उत्रोलीच्या अंगाला नीरेवर त्यांची होडी चाले. नदी फुगली की पलीकडची माणसं भोरच्या बाजाराला त्यांच्याच भरवशावर जात. कितीतरी बुडती माणसं त्यांनी ओढून काढली होती, एकदा तर म्हैससुद्धा.

एकच नाही काढता आला, माझा धाकटा भाऊ भिमा. श्रावणातल्या पुरात तो होडीतून घसरला. दादांनी त्याला धरलंही होतं, पण पोर भेदरून हातपाय झाडायला लागलं आणि त्यांच्या हातातून निसटलं.

त्यानंतर दादांनी उरलेलं सगळं घट्ट धरून ठेवलं. वल्हं कुणाच्या हाती देईनात, मला नदीकडं फिरकू देईनात. मी एवढी घोडी झाले तरी पाण्याला आईच जायची. हसणं तर घरातून उठूनच गेलं. मला त्यांचा राग यायचा. भिमा माझाही भाऊ होता, पण दादांच्या दुःखानं सगळं घर अडवलं होतं. माझ्या दुःखाला टेकायला जागा नव्हती.

त्याच सुमारास गंगाधर मास्तर होडीत बसू लागले. मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी प्रार्थना घ्यायचे. माणूस काडीपैलवान, आणि पाण्याला इतका भ्यायचा की होडी सुटली की डोळे मिटून घ्यायचा. दादांना त्यांनी उपदेश फारसा केलाच नाही. येशूच्या एका होडीवाल्या शिष्याची गोष्ट मात्र सांगितली. तो पाण्यावरून चालायला निघाला, वाऱ्याला भ्याला, बुडू लागला, आणि प्रभूनं हात पुढं करून त्याला धरलं. दादा ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत.

शेवटी एक दिवस ते म्हणाले, "मास्तर, म्या लई दिस एकट्यानंच वल्हं मारलं. आता त्येच्या हवाली व्हायचं हाय."

आईनं चार दिवस अबोला धरला. मग म्हणाली, "तुमी जिकडं, तिकडं मी."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाप्तिस्मा ठरला, म्हणजे पाण्यात पुरतं बुडवून प्रभूच्या पदरात घ्यायचं, तोही आमच्याच नदीत. वाडीतली माणसं आमच्यावर रुसली होती, तरी गंमत बघायला झाडून सगळी आली. आई पहिली उतरली, एक डुबकी घेऊन वर आली आणि ओल्या लुगड्यानं कुडकुडत काठावर माझ्याशेजारी उभी राहिली.

मग दादांची पाळी आली. मास्तरांनी पाठीशी हात धरून त्यांना मागं लवंडवलं. डोकं पाण्याला लागायच्या आत दादांचे पाय आपोआप वर आले आणि ते ओंडक्यासारखे तरंगायला लागले. दुसऱ्यांदा मास्तरांचाच पाय शेवाळावरून सटकला. दादांनी सवयीनं त्यांचं बखोट धरलं आणि त्यांना उचलून उभं केलं.

"आरं, पाद्री बुडतोय आन सोनबा काढतोय," शेजारचे रखमाजी काठावरून म्हणाले. "बाप्तिस्मा हाय तरी कुणाचा?"

सगळी वाडी हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? तिसऱ्यांदा मात्र दादांनी मास्तरांचा दंड असा आवळला की मास्तर कळवळले. दादांचा चेहरा बघून मी हसायची थांबले.

"न्हाई जमत, मास्तर," दादा म्हणाले. "अंग ऐकंना. मागं बी पोर हातातनं सुटलं व्हतं."

ते काठाकडं वळले. आता हे बाहेर आले की पुन्हा तेच मुकं घर, हे मला पक्कं कळलं.

तेवढ्यात आई कडाडली, "अवं, बुडत्याला काढताना काय सांगता तुमी?"

दादा पाण्यातच थबकले.

"सांगा की. समद्या मुलखाला सांगता."

"अंग सैल सोड म्हनतो," दादा हळू आवाजात म्हणाले. "मला धरू नगंस, म्या धरलंय तुला." मग त्यांचा आवाज फाटला. "भिमाला बी ह्येच सांगितलं व्हतं गं. पोर भ्यालं."

मास्तर थंडीनं कापत होते. ते म्हणाले, "भिमा तुमच्या हातून सुटला, सोनबा. प्रभूच्या हातून नाही सुटला."

दादा पुन्हा पाण्याकडं वळले. मग त्यांनी तोवर धरलेला मास्तरांचा दंड सोडला, डोळे मिटले आणि आपलं आपणच मागं रेलले. पाणी त्यांच्या तोंडावरून गेलं. आता पाय वर येतील, असं मला वाटलं, पण नाही आले. ज्या नदीनं माझ्या भावाला नेलं, तिच्यात माझा बाप लेकरासारखा बिनघोर पडला होता. मला रडू फुटलं आणि इतका आनंद झाला की आईला किती जोरात धरलं तेही कळलं नाही.

दादा वर आले ते ठसकत, नाकातलं पाणी शिंकरत आणि हसत. जुनं, वाडीभर ऐकू जाणारं हसू. रखमाजींनी स्वतःची घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली. "थंडीनं मरशील, येड्या," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

मास्तरांना पलीकडं सोडायचं होतं. दादा होडीत चढले, पण आपल्या जागी गेलेच नाहीत. घोंगडी लपेटून मास्तरांच्या शेजारी उतारूसारखे बसले.

"चंद्रे, घे वल्हं," ते मला म्हणाले.

मला खरं वाटेना. मी वल्हं मारलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. दादांचा हात सवयीनं वल्ह्याकडं आला, अर्ध्यात थांबला आणि परत घोंगडीत गेला.

"दादा, होडी खालच्या अंगाला चाललीय."

"जाऊ दे," दादा म्हणाले. "लागंल की काठाला. तू मार."