भुतिणीचा टोप

मी भुतिणीचा टोप बोलतोय. घाबरू नका, माझ्यात भूतबीत काही नाही. जाळीवर विणलेले कमरेएवढे काळे केस, एवढाच माझा जीव. हे केस कुणा घरच्या थोरल्या सुनेचे. नवऱ्याने रागाच्या भरात कापले, वाया जाऊ नयेत म्हणून सासूने विकले. म्हणजे माझा जन्मच भयपटाला साजेसा.

तेव्हापासून मी स्टुडिओतल्या फळीवर राहतो. इथले नियम मला पाठ झालेत. पुरुष मेला की भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसतो. बाई मेली की मला डोक्यावर घेऊन परत येते. जी मोठ्याने हसते, उशिरा घरी येते, तिला आधी मारायचं. हिरोने मात्र कंदील धरून पुढे व्हायचं, घाबरायचं नाही.

गेल्या सिनेमात मला एका नव्या नटीच्या डोक्यावर चढवलं. तिला खरं तर प्रेमकथेत काम हवं होतं. "आधी भूत हो, मग नायिका करू," असं दिग्दर्शकसाहेबांनी तिला गाजर दाखवलं होतं. प्रसंग असा, की भुताने झपाटलेल्या बायकोला हिरो केसांना धरून खोलीभर फरफटवतो. अशा वेळी नटी दोन्ही हातांनी त्याच्या मनगटाला लटकते, म्हणजे ओढ डोक्यावर येत नाही.

"दुखलं तर फरशीवर हात आपट, मी लगेच सोडीन," हिरोने तिला सांगून ठेवलं होतं. माणूस सज्जन होता बिचारा.

पहिल्याच शॉटला मी हिरोच्या मुठीत निघून आलो. सगळे पोट धरून हसले.

"माझ्या भयपटाचा तमाशा केलात!" साहेब कडाडले. "वाटेल तेवढा डिंक ओता, पण टोप हलता कामा नये."

मेकअपदादांनी इमानाने डिंक ओतला, वर तिचे स्वतःचे केसही माझ्या जाळीत गुंफले.

दुसऱ्या शॉटला तिचा घामेजलेला हात मनगटावरून निसटला. तिने तो फरशीवर आपटला. हिरोची मूठ सैल झाली.

"सोडू नकोस रे! तो हात बघ, काय झकास दिसतोय!" साहेब ओरडले.

हिरोने सोडलं नाही. मी निघालो तो तिच्या कानामागची कातडी घेऊनच. ते पाहून हिरो लहान मुलासारखा किंचाळला.

सिनेमात तिचा हात ठेवला, हिरोची किंकाळी कापली. "बाप्या ओरडला की लोक हसतात," साहेब म्हणाले. थिएटरात त्या हाताला शिट्ट्या पडल्या. तिच्या कानामागे पुन्हा केस आले नाहीत, आणि नायिका करण्याचं साहेब सोयीस्कर विसरले. तिच्या दोनचार बटा अजून माझ्या जाळीत अडकल्या आहेत. मला त्यांची फार लाज वाटते.

आज सिनेमाचा दुसरा भाग सुरू होतोय. मला नव्या मुलीच्या डोक्यावर बसवताहेत. साहेब तिला समजावतायत, "फरफटताना फरशीवर हात आपटायचा, हं. लोकांना तेच आवडलं होतं."

"आणि सर, खरंच दुखलं तर?"

"मग तर फारच छान!"

मेकअपदादांनी डिंकाची बाटली उघडली आहे. मला हात नाहीत, नाहीतर मीच स्वतःला ओरबाडून काढलं असतं. तुम्हाला आहेत. तिचा हात पडद्यावर दिसेल, तेव्हा तुमचे हात टाळीसाठी उचलू नका.