नॅनच्या डोळ्यांइतकं अंतर

मी डोक्याला बांधायचा चष्मा बोलतोय. साधासुधा नव्हे हं! माझ्या पोटात दोन इवले पडदे आहेत. प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवतो आणि दोन्ही जुळली की समोर नसलेली वस्तूही उभी राहते! कारखान्यातून निघालो तेव्हा मला भारी घमेंड होती.

माझी मालकीण कहुरांगी, ऑकलंडात वाढलेली. तिने मला तिच्या माओरी आजोळी, गावच्या मराएवर, म्हणजे सभाघर-जेवणघर असलेल्या सामाईक आवारात नेलं. तिथल्या सभाघरातला पूर्वजाचा कोरीव खांब सत्तर वर्षांपूर्वी परदेशी गेलेला. तिथल्या संग्रहालयाने एकसारख्या तीन खांबांची चित्रं पाठवली होती. ओळखा, मग देऊ! कोरलेल्या पूर्वजाच्या बाहेर काढलेल्या जिभेवर वडिलांची छिन्नी कुठे घसरली, हे खांब कोरणाऱ्याच्या एकट्या मुलीला, कहुरांगीच्या आजीला, नॅन पारेहुयालाच ठाऊक. वय शहाऐंशी.

जेवणघरात सगळे गोळा झाले. मी नॅनच्या डोक्यावर चढलो.

“मोको, माझ्या नाती, सगळं दोन-दोन दिसतंय गं, तेही डासांच्या जाळीतून. माझेच डोळे गेले.”

“नाही गं नॅन, थांब जरा.” कहुरांगीने मला काढलं आणि घाईघाईत टेबलावर ठेवलं, थेट पावाशेजारी.



“उचल ते आधी!” नॅन कडाडली. “डोकं पवित्र आपलं, आणि त्यावरची वस्तू जेवणाच्या टेबलावर? शहरात टोपी कुठे ठेवायची तेसुद्धा शिकवलं नाही वाटतं! चल सभाघरात.”

कहुरांगी शरमेने लाल झाली. सभाघरात खांबाच्या रिकाम्या जागेखाली बसून तिने मला नीट पुसलं, आणि तेव्हा कुठे माझं चाक तिच्या लक्षात आलं. भिंगांमधलं अंतर तिच्याच डोळ्यांचं राहिलं होतं! नॅनचा चेहरा चांगला रुंद. मला पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून कहुरांगीने चाक हळूहळू फिरवलं. माझ्या पडद्यांच्या ठिपक्यांची जाळी राहिली, पण दोनाचं एक झालं.

“हा नाही... हाही नाही...” तिसऱ्याला नॅनचा हात हवेत उठला. “बाबांची चूक! हीच ती, हीच! अरे, घरी ये रे आता!”

ती रडली, माझ्या काचा धूसर झाल्या. होऊ देत! इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता मी सभाघरात खुंटीवर असतो. मला कुणाच्या डोक्यावर चढवाल, तर आधी चाक फिरवा बाबांनो. म्हाताऱ्या डोळ्यांना उगाच दोष देऊ नका.

खांब परवा येतोय! काल नॅनने माझा पट्टा थोपटला.

“तुझं काम झालं रे. परवापासून मी हाताने बघणार.”

खुशाल बघ, नॅन!