स्टिअरिंगला बांधलेली चिंधी

त्या दोघा मिस्त्री भावांना कुणी कधी नावानं हाक मारली नाही. एक थोरला, एक धाकटा. थोरल्याला जाऊन तीन वर्षं झाली, धाकट्याच्या डोक्यावर औषधाला काळा केस उरला नाही, तरी तो आपला धाकटाच.

आज तो थोरल्याच्या घरामागच्या शेडमध्ये गाडीवर ओणवा होता आणि कंबर त्याचा उद्धार करत होती. आयुष्यभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या थोरल्यानं स्वतःसाठी घेतलेली ही एकच गाडी. इंजिन पार सुटं करून नव्यानं बांधलं, गाडीत बसवलं आणि सुरू करायच्या आधी माणूसच गेला. आता थोरल्याच्या मुलाला शेड रिकामी हवी होती. रोजच्या कटकटीला विटून वहिनीनं शेवटी सांगून टाकलं होतं, "आज सुरू झाली तर ठेवीन, चालवायलाही शिकेन. नाही झाली तर उद्या भंगारवाल्याला बोलवा."

खरं सांगायचं तर धाकट्याला भंगारवालाही चालला असता. दिवसभर गॅरेज, संध्याकाळी घरातली भांडणं, त्यात ही मेलेल्या भावाची गाडी. तो थकला होता, झोपेनंही उतरणार नाही असा थकवा होता तो. पण वहिनीला नाही म्हणायची छाती त्याच्यात कधीच नव्हती.

इतकी वर्षं पडून असलेलं इंजिन नुसती किल्ली फिरवून उठवलं तर आतलं कोरडं लोखंड लोखंडाला खातं. म्हणून त्यानं कालच प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं होतं. आज मोठा पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. आधी ते हटून बसलं, मग कुरकुरत हललं. प्लग न लावताच त्यानं ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. आणखी एक गोष्ट त्यानं सगळ्यात आधी पाहिली होती. धूळ जाऊ नये म्हणून इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला की त्याच कापडाची चिंधी स्टिअरिंगला बांधायची, हा बापानं दोघांना लावलेला नियम. स्टिअरिंग मोकळं होतं. म्हणजे आतही काही नव्हतं.

"झालं का, भाऊजी?" वहिनी दारात उभी होती.

"प्लग बसवले. आता किल्ली फिरवायची, मग तुमचं नशीब आणि दादाचा हात."

"आधी हात पुसा. त्या हातांनी किल्लीला शिवू नका."

वहिनीला घाण म्हणून खपत नसे. थोरला म्हणायचा, हिच्यापुढे फार वेळ बसू नये, मलाही पिळून वाळत घालेल. तिनं पुढे केलेलं फडकं स्वच्छ, घडी घातलेलं होतं. निळ्या चौकड्यांचं. धाकट्यानं हात पुसले आणि पुसता पुसता तो थांबला.

"हा दादाचा शर्ट ना? कुठे मिळाला?"

"शर्ट कसला, नुसती चिंधी. स्टिअरिंगला अडकवलेली होती, मळून काळी झालेली. काढली, धुतली. का हो?"

धाकटा मटकन पायरीवर बसला. किल्ली फिरवली असती तर इंजिनाला श्वासच मिळाला नसता. ते सुरू झालं नसतं, आणि उद्या थोरल्याचं शेवटचं काम तराजूवर चढलं असतं. पुन्हा पाने घ्यायचे, पुन्हा खोलायचं. त्याला रडू येईल असं वाटलं, ते दमल्यामुळे की कशामुळे, त्याचं त्यालाही कळलं नाही. तो उठला आणि त्यानं इंजिनाच्या तोंडावर बसवलेला कार्ब्युरेटर काढला.

खाली, इंजिनाच्या तोंडात, उरलेला शर्ट होता. थोरल्यानं दाबून बसवलेला, ऑइलनं माखलेला. धाकट्यानं तो सावकाश ओढून काढला, वहिनीच्या हातात दिला आणि नियम काय होता ते सांगितलं.

सगळं परत जोडून त्यानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. निळा धूर भक्कन बाहेर आला, शेड थरथरली आणि मग आवाज एका लयीत बसला. कुठे खडखड नाही, टकटक नाही. धाकटा बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

बऱ्याच वेळानं त्याचं वहिनीकडे लक्ष गेलं. तिनं बोळा छातीशी धरला होता, कपड्यांना काळे डाग पडत होते.

"द्या तो. टाकून देतो."

"नको." तिनं बोळा नाकाशी नेला. "सगळं धुऊन टाकलं मी, भाऊजी. कपाट, उशा, सगळं. घरात त्यांचा वास म्हणून कुठे ठेवला नाही."

मग ती गाडीत शिरून स्टिअरिंगमागे बसली, बोळा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "सांगा, यातला क्लच कुठला?"