पंप गेला म्हणे

गाडी सुरू होत नाही ही बातमी आमच्या गावात गाडीपेक्षा जोरात पळते. पोळा होऊन तिसरा दिवस होता. सकाळचे सहा वाजले होते, पिकअपमध्ये वांग्यांचे आणि दोडक्यांचे क्रेट रचून झाले होते, आणि मी तिसऱ्यांदा चाबी फिरवेपर्यंत अंगणात सात माणसं येऊन उभी होती. सातही जणांचे हात मागे बांधलेले. हात मागे बांधून उभा राहिलेला पुरुष आता सल्ला देणार, एवढं मी लग्न होऊन आदिलाबादजवळ तलमडुगूकडच्या या गावात आले तेव्हाच शिकले.

गाडी मी चालवते. म्हणजे गाडी सासऱ्यांच्या नावावर, कागद सासऱ्यांच्या पेटीत, पण चालवते मी. माझा नवरा पंकज आधी चालवायचा. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे कळायला त्याला दोन बाभळी आणि एक म्हैस लागली. म्हशीनंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. माझं माहेर किनवटचं. तिथे माझे वडील, उत्तमराव, तीस वर्षं टेंपो चालवायचे, आणि मला भाकरी थापायच्या आधी गियर टाकता येत होता. बाजार बुडायला लागला तेव्हा नाइलाजाने चाबी माझ्या हातात आली. दीड वर्ष झालं. रोज सकाळी आदिलाबादचा भाजीबाजार, नऊपर्यंत परत. त्या तीन तासांत मला कुणी हाक मारत नाही, कुणी चहा मागत नाही, कुणी पदर कुठे आहे ते पाहत नाही. मला त्या तीन तासांची इतकी सवय झाली होती की ते गेले तर मी काय करेन, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आणि ते जाणार होते. सासऱ्यांनी, डोमाजींनी, सात जणांच्या देखत सांगून टाकलं.

"मी पह्यलेच म्हनत होतो. बाईमानूस गाडी दामटते, मंग मशीन कशी टिकन? आज काही मोठं खराब निंगालं, तं चाबी महिपतजवळ."

महिपत म्हणजे सासऱ्यांचा पुतण्या. हा दीड वर्षापासून माझ्या चाबीकडे डोळा लावून बसलेला. त्याने लगेच चेहरा गंभीर केला. जबाबदारी अंगावर पडणार म्हणून माणूस जसा जड होतो, तसा तो उभ्या उभ्या जड झाला.

"मोठेबाबा, बॅटरी उतरली असन," तो म्हणाला.

स्टार्टर असा खणखणीत फिरत होता की शेजारची कोंबडी पळाली. बॅटरी उतरली असती तर तो कण्हला असता. पण हे महिपतला कोण सांगणार? दुसऱ्या एकाने टायरला लाथ मारून पाहिली. गाडी सुरू होत नाही आणि हा टायर तपासतोय! तिसरा म्हणाला डिझेलमध्ये भेसळ असेल, चौथा म्हणाला नजर लागली. पंकज भर उजेडात मोबाइलची लाईट लावून बोनेटमध्ये पाहत होता. काय पाहत होता ते त्यालाही विचारू नये.

"जरा चूप बसा," मी म्हटलं. "मले टाकीचा आवाज ऐकू द्या."

चाबी अर्धी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो गुणगुणला तर पंपाला करंट आहे, नाही गुणगुणला तर फ्यूज, रिले, वायर बघायची. एवढी साधी गोष्ट. त्यासाठी फक्त शांतता लागते, आणि तीच आमच्या अंगणात मिळत नाही. शेवटी मी पंकजला चाबी फिरवायला लावली आणि स्वतः गाडीखाली शिरून टाकीला कान लावला. वर लगेच कुजबुज सुरू झाली, सून पहा कशी पालथी पडली म्हणून.

पंप चालत होता. पण आवाज नेहमीचा नव्हता. घुसमटल्यासारखा, दबलेला. काल आदिलाबादहून येताना चढावर गाडीने दम सोडला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू मी ढिला केला. तिथून डिझेल उसळायला पाहिजे. दोन थेंब आले, तेही मेहेरबानी केल्यासारखे.

"पंप चालू हाय," मी बाहेर येऊन म्हटलं. "पन डिझेल येऊन नाई राह्यलं. टाकीतच काहीतरी अडकलं हाय."

सात जणांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू गाडीखालून दुसरंच कुणी बोललं. मग सासरे म्हणाले, "राजकुमारले फोन लाव."

राजकुमार आदिलाबादचा मेकॅनिक. तासाभराने मोटरसायकलवरून आला, पांढरे बूट घालून. मेकॅनिकचे बूट पांढरे असले की समजावं, हा गाडीखाली जात नाही. त्याने सीटवर बसून दोनदा चाबी फिरवली, एकदा हॉर्न वाजवून पाहिला, आणि खाली उतरून हात झटकले. हाताला काही लागलेलंच नव्हतं.

"पंप गया, पटेल," तो सासऱ्यांना म्हणाला. "नया डालना पडेगा. गाडी कौन चलाता?"

सासऱ्यांनी नुसती हनुवटी माझ्याकडे केली.

"तभीच," राजकुमार म्हणाला. "लेडीज लोग हमेशा कम डिझेल पे चलाते. पंप सूखा चलता, जल जाता."

पंप आत्ताही अर्ध्या टाकीत बुडालेला होता, काटा समोर दिसत होता. पण काटा कोण बघतो? बाई चालवते एवढं कळलं की बाकीचं निदान आपोआप होतं. सासऱ्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी चाबी दिली. त्यांनी ती महिपतला दिली, आणि महिपतने ती खिशात न ठेवता बोटात अडकवून फिरवायला सुरुवात केली. त्या क्षणी मला त्याचं बोट मोडावंसं वाटलं, हे मी लपवत नाही.

नवा पंप येणार दुपारी. तोवर काय, तर चहा. सगळेच्या सगळे ओट्यावर गेले, राजकुमारसुद्धा. मी पंकजला म्हटलं, "नवा टाकाच्या आदी जुना बाहेर काढा लागनच ना? मी काढून ठेवतो म्हन त्याइले." पंकजने निरोप नेला, आणि कुणाची ना नव्हती. कष्टाच्या कामाला बाई चालते.

टाकी बाजूलाच असते. वरच्या झाकणाचे आठ स्क्रू, दोन पाइप, एक वायर. पाइप काढताना डिझेल कोपरापर्यंत आलं. पंप वर ओढला आणि त्याच्या बुडाची जाळी पाहिली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पिवळट, दाट लगदा बसला होता, बोटभर जाड. मी नखाने खरवडून नाकाशी नेला. डिझेलच्या वासाखाली वेलदोड्याचा वास आला.

पुरण! आणि त्यात पोळीचे तुकडे.

पोळ्याच्या दिवशी ते पुरण मीच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली, तेव्हापासून पोळ्याला आमच्या घरी पिकअपला सजवतात. बाशिंग, झूल, बोनेटवर गेरूचे पंजे, सगळं. इथवर ठीक होतं. पण गाडीला घासही भरवला होता कुणीतरी, थेट टाकीच्या तोंडातून! टाकीच्या तोंडाला जाळी असते, ती पंकजने कॅनमधून डिझेल ओतताना आड येते म्हणून मागेच काढून फेकली होती. म्हणजे पोळी सरळ पोटात.

मी सगळ्यांना हाक मारली. जाळी हातात धरली आणि दाखवली.

"पंप नाई गेला. हे पाहा, पुरन हाय. पंप याच्यातून काय ओढन?"

राजकुमारने जाळी पाहिली, आणि त्याला एकदम कुणाचा तरी फोन आला. तो बोलत बोलत मोटरसायकलकडे गेला तो गेलाच. बाकीच्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्या सासूकडे बोट केलं.

"हे हिचं काम. घरात पूजापाठ कोन करते? हिच्याशिवाय कोनाले सुचन हे?"

काय हसले सगळे! म्हातारीनं गाडीले जेवू घातलं म्हणे. आता गाडी शेण टाकेल म्हणे. महिपत तर पोट धरून हसला.

माझी सासू कौशल्याबाई. तिच्याबद्दल मी आत्तापर्यंत काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. घरात एक भिंत असते, एक चूल असते, तशी ती असते. ती बोलत नाही. विचारलं तर "हो" म्हणते, नाही विचारलं तर तेही नाही. मीही चिडून तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "आत्याबाई, गाडी काय बैल हाय काय वं? जरा तरी डोकं चालवा!" तिने पदर सारखा केला आणि ती आत गेली.

परत आली ती जुन्या धोतराचा फडका घेऊन. मी टाकी रिकामी केली, डिझेल त्या फडक्यातून गाळलं, जाळी धुतली, पाइप फुंकून मोकळे केले. ती शेवटपर्यंत माझ्यासमोर कॅन धरून बसली. ओट्यावरून एकही जण उठला नाही. फडक्यात जमलेलं पुरण तिने घडी घालून उकिरड्यावर टाकलं, आणि हात धुऊन पुन्हा उभी राहिली. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून राबतेय.

सगळं बसवलं. चाबी महिपतजवळ, म्हणून गाडीत बसला महिपत. फिल्टरच्या स्क्रूतून डिझेल उसळून माझ्या तोंडावर उडालं, मी स्क्रू आवळला, आणि दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली. पंपाचा आवाज नेहमीसारखा, मोकळा. मी पदराने तोंड पुसून दाराशी गेले आणि हात पुढे केला. महिपत सासऱ्यांकडे पाहत राहिला.

"राहू दे रे, तूच ने," सासरे म्हणाले. "पंप नाई गेला तं नाई गेला. घरात दोन बाया, दोघीची अक्कल आज गावानं पाह्यली. आजपासून चाबी तुयाजवळ."

म्हणजे बिघाड माझा असता तर माझी चूक, आणि माझा नसेल तर सासूची. दोन्हीकडून चाबी महिपतकडेच. माझे हात डिझेलने चिकट होते, बाजार निघून गेला होता, आणि मला रडू येत होतं. या लोकांसमोर रडायचं नाही म्हणून मी गाडीचा पत्रा घट्ट धरला.

तेव्हा सासू ओट्यावरून उतरली.

"म्या नाई घातलं," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिचा आवाज ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

"म्या ताट तुमच्या हाती देलं, पंकजचे बाबा. ढाकन तुमी उघडलं. पोळी तुमी मोडली. 'खाय राजा' बी तुमीच म्हनलं. म्या दारातून पाह्यलं."

सासऱ्यांची मान खाली गेली. नाही म्हणाले नाहीत. आणि मग माझ्या कानांवर विश्वास बसू नये असं झालं. सातातला एक जण सुस्कारा टाकून म्हणाला, "माया हो! जनावराची माया लागते मानसाले." दुसऱ्याने मान डोलावली. "असा मालक भेटाले नशीब लागते." थोड्या वेळापूर्वी हीच पोळी म्हातारीने घातली होती तेव्हा तिला अक्कल नव्हती. डोमाजींनी घातली म्हणताच माया झाली! एकालाही त्याची लाज वाटली नाही. मला मात्र वाटली, कारण मघाशी त्यांच्या हसण्यात माझाही आवाज होता.

सासूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती महिपतच्या दाराशी गेली.

"उतर."

"मोठी माय, मी तं फक्त..."

"उतर म्हनलं ना."

महिपत उतरला. सासऱ्यांकडून काही हुकूम येईल म्हणून थांबला, पण सासरे जमिनीकडेच पाहत होते. मी चढले. दुसऱ्या बाजूचं दार वाजलं, तर सासू लुगडं सावरत वर चढत होती. इतक्या वर्षांत ती या गाडीत पुढे बसल्याचं मला आठवत नाही. मागे क्रेटवर बसायची.

बाजार संपला होता, पण दुकानदार घेतील, म्हणून मी निघाले. गाडी सडकेला लागली. मला माफी मागायची होती, आणि मी नुसते गियर बदलत होते. शेवटी तीच बोलली.

"टाकीच्या ढाकनाले कुलूप भेटते काय वं?"

"भेटते, आत्याबाई. आदिलाबादले भेटते."

"मंग आजच घे," ती समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली. "आन चाबी मायाजवळ दे."