खिडकीखालचा कप

मोनाने तो फोटो काढला तो खिडकीसाठी. सराफ्यातल्या एका सोनाराच्या घरामागे, जिन्याच्या वर, लाल-निळ्या-हिरव्या काचांची खिडकी होती. आई, मालनबाई, त्या घरचं मागचं अंगण आणि संडास धूत असे, तेव्हा लहानगी मोना खालच्या पायरीवर बसून मान दुखेपर्यंत त्या खिडकीकडे पाहायची. आत ऊन शिरलं की फरशीवर रंगांचा केवढा सडा पडत असेल! आता ती सतरा वर्षांची झाली होती, पण ती हुरहुर काही गेली नव्हती.

हिंदी मुलखातल्या त्यांच्या मराठी वस्तीच्या बुद्धविहारात, फोटो काढायला शिकवणाऱ्या नीलिमादीदींनी दहा पोरांना पाच कॅमेरे दिले होते, दोघांत एक. काम एवढंच की आपल्या जगण्यातलं कुणी पाहत नाही असं काही टिपून आणायचं. रविवारी फोटो सतरंजीवर मधोमध ठेवायचा, आणि बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. ज्याचा फोटो, त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. तोवर तोंडाला कुलूप.

"मोनाजी का महल!" फोटो पाहताच अश्वजीत म्हणाला. पोरं हसली.

"पण खिडकी मस्त आहे हं," हेमलता म्हणाली.

सुमेध मात्र ओणवा होऊन पाहत होता. "खाली भिंतीवर खिळ्याला काय लटकून राहिलं? कप हाय ना?"

"टवका उडालेला."

"घरचा कप कोणी संडासाच्या भिंतीवर टांगते काय?"

"मग कोणाचा हाय?"

अश्वजीतचं हसू मावळलं. बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी असंच कुठल्यातरी मागच्या दाराने कामाला जात होतं.

मोनाने तो कप हजारदा पाहिला होता. वरून, हात लांब ठेवून, त्यात चहा ओतला जाई. पिऊन झाल्यावर आई तो स्वतः धुऊन खिळ्याला अडकवी. एवढ्या मोठ्या घरात आईचा स्वतःचा कप आहे, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही, याचा लहानपणी मोनाला केवढा तोरा होता! शाळेत मैत्रिणींना सांगितलंही होतं तिने.

"आता तू बोल," दीदी म्हणाल्या.

"मैंने तो खिडकी..." एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी शहरातल्याच गोरखपूर भागातल्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. फोटोत ज्याची वस्तू असेल त्याला विचारल्याशिवाय तो लावायचा नाही, असं ठरलं होतं. संध्याकाळी मालनबाई तांदूळ निवडत बसली होती. मोनाने फोटो तिच्यापुढे धरला.

"आई, शेठाणी आली अन् पाहिलं तर? तुझं काम जाईल. कप काट देती हूँ. फक्त खिडकीच ठेवते."

मालनबाईने हात पदराला पुसले. फोटो हातात घेतला.

"कप कापला तं मी कुठं राहिली याच्यात?"

"अन् काम सुटलं तर?"

"सुटलं तं पाहू. बावीस वर्सं झाले, त्याईनं मले पुरं नाव नाही इचारलं." मग तिचं बोट कपावरून वर सरकलं. "पण हे खिडकी मी कधी पाह्यलीच नाही वं, पोरी. मान वर कराले टाइमच कुठं होता?"

शनिवारी फोटो अख्खा लागला. लोक येत, "कितनी सुंदर खिड़की!" म्हणत आणि पुढे सरकत. एखादा थबके, वाकून खालचा कप पाही. शेठाणी काही आली नाही.

मालनबाई आली ती जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत टवका उडालेला कप होता.

"आणला?" मोना चमकली.

"सकाळी काम आटपलं अन् खिळ्यावरून काढला. शेठाणी म्हणे, कहाँ ले जा रही हो? म्हटलं, घर. माझा हाय ना!"

"काय म्हणाली?"

"दार लावून घेतलं."

सोमवारी ते दार उघडेल की नाही, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. मालनबाई फोटोसमोर उभी राहिली. खाली तिने पाहिलंच नाही. मान वर करून ती काचा पाहत होती, पायरीवर बसलेली मोना पाहायची तशी.

"आतून कशी दिसत असन वं?"

मोनाने आईच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. "मालूम नहीं, आई," ती म्हणाली, आणि तीही वर पाहू लागली.