करडीच्या पाठीवरचं शिसं

"अहो बाई, सातवी आलेली घोडी आहे ती! सातवी!" मिशाळ ट्रेनर खोगिरांच्या खोलीत असा ओरडला, की वजनकाट्यावर बसलेला जॉकीसुद्धा दचकला. "तिच्यावर चार किलो जादा? घोडी आहे का मालगाडी?"

"वजन ठरलंय. आता बदलत नाही," वजनबाई म्हणाली आणि शिशाच्या पट्ट्या खोगिरात नीट बसल्यात का ते बघायला वाकली. खरं म्हणजे तिला तोंड लपवायचं होतं.

रेसकोर्सवर सगळे तिला वजनबाईच म्हणत. मोठ्या शर्यतीत कोणत्या घोड्याने किती वजन वाहायचं हे ठरवणं हे तिचं काम. दमदार घोड्यावर जास्त, कमजोर घोड्यावर कमी, म्हणजे शेवटी सगळे कसे एका रेषेत यावेत. अख्खं मैदान आपापल्या एका घोड्यासाठी घसा फोडणार, आणि हिला मात्र सगळेच जिंकायला हवेत! आता अशा बाईचं कसं व्हायचं?

त्यात अध्यक्षांनी सकाळीच साखर पेरत सुनावलं होतं, "गेल्या वर्षीसारखं काही झालं, तर मग आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हं."

गेल्या वर्षी या खुर्चीत तिचा मामा होता. एक हडकुळा काळा घोडा आधीच्या शर्यतीत सातवा आला, म्हणून मामाने त्याच्यावर अगदी नावापुरतं वजन टाकलं. आणि मोठ्या शर्यतीत तो पठ्ठ्या असा उधळला, की बाकीचे पोचले तेव्हा हा निवांत गवत हुंगत होता! लोकांनी मामाच्या नावाने शंख केला. मामाने त्याच दिवशी राजीनामा दिला आणि वर शपथ घेतली, की पुन्हा डोळ्यांनी शर्यत म्हणून बघणार नाही.

नंतर एकदा स्वयंपाकघरात बसून त्याने भाचीला सांगितलं, "पोरी, शर्यत शेवटच्या खांबापाशी संपत नाही. खांब ओलांडल्यावर बघायचं. जो सातवा येऊन धापा टाकतो, तो खरा सातवा. आणि ज्याला थांबवताना जॉकीचे हात भरून येतात ना, तो सातवा आलेला नसतो. त्याला सातवा आणलेला असतो. पुढच्या वेळी कमी वजन मिळावं म्हणून."

"मग काळ्याचं तुम्ही बघितलं नव्हतंत?"

"चहा आला होता गं," मामा म्हणाला. "गरम होता. मी वळलो."

तेव्हापासून ही बया प्रत्येक शर्यतीला खांबाच्या पुढे, ओसाड कठड्याशी जाऊन उभी राहायला लागली. लोक हसायचे. पण तिथूनच तिने ही करडी घोडी बघितली होती. सातवी येऊनही करडी थांबायचं नाव घेईना, जॉकी मागे रेलून लगाम ओढतोय, आणि बाईसाहेब खुशाल पळतायत! बाकी सगळे तोवर चहाकडे वळले होते. करडी कुणाची? मिशाळाची.

पण करडी नुसतीच हट्टी असली तर? मग हे चार किलो म्हणजे मुक्या जिवावर अन्याय, आणि मामा-भाची दोघांचं नाव मातीत.

शर्यतीआधी ती कठड्याशी पोचली, तर मामा आधीच येऊन उभा होता. मैदानाकडे पाठ करून!

"अहो मामा, हे काय?"

"शपथ आहे. तू बघ, मी ऐकतो."

फाटकं उघडली आणि मैदान गरजलं. "सुटले, मामा, सुटले! तांबडा पुढे आहे. सगळ्यात जास्त वजन आहे, तरी पुढे!"

"आणि करडी?"

वजनबाईने दुर्बीण फिरवली. "शेवटी आहे. मामा, ती शेवटी आहे हो!"

"बघा, बघा तुमची मालगाडी!" पलीकडून मिशाळ कडाडला. चार लोक फिदीफिदी हसले. वजनबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"वळण येऊ दे," मामा म्हणाला. त्याने पाठीमागे कठडा घट्ट धरला होता.

वळण आलं. करडी बाहेरच्या बाजूने निघाली. एक घोडा मागे पडला, दुसरा पडला. "आली! मामा, करडी आली! काळाही आला, तांबडा सोडत नाहीये! अगं बाई गं!"

"ओरडू नकोस, मला ऐकू दे!" मामाने डोळे मिटले. "गेल्या वर्षी एकटाच आला होता गं तो. एकट्याच्या टापा, आणि मागे सगळं शांत. ती शांतता अजून कानात बसलीय माझ्या."

जमीन हादरायला लागली. टापांचा सगळा गडगडाट एकदम, एकत्र अंगावर आला.

"यात पहिला कोण?" मामा ओरडला.

"कळत नाही, मामा! मला कळतच नाहीये!"

आणि मामा गर्रकन वळला. शपथ गेली खड्ड्यात! तीन घोडे नाकाला नाक लावून खांबावरून गेले, बाकीचे त्यांच्या शेपट्यांशी. लोक वेड्यासारखे नाचत फलकाकडे धावले. वजनबाईही निघाली, तर मामाने तिचा दंड धरला.

"तिकडे कुठे? इकडे बघ!"

खांबापुढे करडीची मान खाली गेली होती. पाय जड पडत होते, नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. जॉकीने लगाम सैल सोडला होता.

"दमली," मामा पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले. "पोरी, खरोखर दमली गं ती."

फलकावर निकाल लागला. तांबडा पहिला, करडी नाकभर अंतराने दुसरी. लालबुंद मिशाळ तरातरा आला, त्याच्यामागोमाग अध्यक्ष.

"तुम्ही घालवलंत, बाई! ते चार किलो नसते, तर माझी करडी एकटी आली असती! बाकीच्यांना धूळ चारली असती तिने!"

"सातवी आलेली घोडी?" वजनबाईने विचारलं.

अध्यक्षांनी आधी मिशाळाकडे बघितलं, मग करडीकडे, आणि मग वजनबाईपुढे हात केला. "पुढच्या वर्षीची वजनंही तुम्हीच लावा."

तेवढ्यात चहावाला वाफाळता कप घेऊन मामापुढे आला.

"ठेव तिथे," मामा म्हणाला. त्याची नजर करडीवरून हलली नव्हती. "अजून पुरती थांबली नाही ती. तोवर मी वळायचा नाही."