पंपरूममधलं मशीन

प्रीतमने तिसऱ्यांदा दोरी ओढली. गवत कापायचं मशीन आतल्या आत नुसतं फिरलं आणि गप्प झालं. त्याने मनगटाने कपाळ पुसलं, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, परत लावलं.

"पेट्रोल ताजं आहे. फिल्टर साफ. पात्याला धार आहे," तो म्हणाला. "म्हातारं आहे, पण ठेवलंय झकास. कोण बघतं हे?"

"माझे सासरे."

"तेच म्हटलं. नाहीतर सोसायटीचं मशीन म्हणजे कोणाच्या बापाचं नसतं ना, ताई."

मधुवंती पंपरूमच्या पायरीवर उभी होती. एका कानात इयरफोन होता आणि त्यातून ऑफिसच्या मीटिंगमधलं कोणीतरी एकसुरी बोलत होतं. तिने माइक बंद ठेवला होता. बोलणारा काय म्हणतोय ते तिला कळत होतं, पण ते कुठे जाऊन साठत नव्हतं. हल्ली सगळंच असं होतं. चहा गरम आहे हे तिला जीभ भाजल्यावर, तेही थोड्या वेळाने, समजायचं.

"वीस वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. "संपलंच असेल ना आता? म्हणजे, तुम्ही तसं सांगितलंत तर आम्ही नवीनच घेऊ."

"उघडल्याशिवाय कसं सांगू?" प्रीतमने पिशवीतून पाना काढला. "डॉक्टरला दारातच सांगता होय, पेशंट गेला म्हणून?"

तो हसला. तीही हसली, म्हणजे तिचे ओठ हलले.

सोसायटीचं गवत मांडीपर्यंत आलं होतं. नाहूरच्या या बाजूला तीन बिल्डिंगींच्या मध्ये एवढा हिरवा तुकडा उरलाय याचं सगळ्यांना कौतुक होतं. आता मात्र साप निघेल म्हणून मुलांना कोणी खाली सोडत नव्हतं. कमिटीत बागेचं काम मधुवंतीकडे. दुरुस्ती करायची की नवं आणायचं, ते तू ठरव, म्हणून सगळे मोकळे झाले होते.

सेक्रेटरी माधुरीताई भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या.

"काय म्हणतंय धूड?"

"बघतायत," मधुवंती म्हणाली. "मला वाटतं नवीनच घ्यावं. इलेक्ट्रिकचं. एजन्सीवाले त्यांचा माणूसपण देतात."

"अगं, पितृपक्षात? नवं मशीन?" माधुरीताईंनी पिशवी खाली ठेवली. "सर्वपित्री होऊ दे, मग बघू. आणि तुझे सासरे असताना एजन्सीचा माणूस कशाला? दर रविवारी एवढं प्रेमाने कापतात बिचारे. नातू मागे-मागे. फोटो काढून ठेवावा असं दिसतं."

"हो," मधुवंती म्हणाली.

"दुरुस्त करून घे बाई," म्हणत माधुरीताई लिफ्टकडे गेल्या.

तो फोटो मधुवंतीच्या डोळ्यांपुढे होताच. गणपतीच्या आधीचा रविवार. ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कपडे वाळत घालत होती. खाली तिचा ओजस गवतात उकिडवा बसून काहीतरी उकरत होता. सासरे, म्हणजे बाबा, मशीन ढकलत भिंतीपासून वळले आणि सरळ त्याच्या दिशेने चालू लागले. त्यांची नजर समोर होती. समोर म्हणजे दूर, कंपाउंडच्या पलीकडे कुठेतरी. ती ओरडली. मशीनच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. मग ओजस उठला. कोणी हाक मारली म्हणून नव्हे, त्याला दुसरीकडे काहीतरी दिसलं म्हणून. तो दोन पावलं बाजूला गेला आणि तो बसला होता तिथून मशीन निघून गेलं.

ती जिने उतरून खाली पोचली, तेव्हा बाबांनी मशीन बंद करून विचारलं होतं, "काय झाला गो? धापा कित्याक टाकतंस?"

"काही नाही," ती म्हणाली होती.

काही झालंच नव्हतं. त्यामुळे नवऱ्याला, सुबोधला, सांगायचं तरी काय? तुझे बाबा कुठेतरी दुसरीकडे बघत होते? पुढच्या रविवारी मशीन चालू झालं नाही तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. तेही वाटलं नाही.

ओजस सहा महिन्यांचा असताना ती नोकरीवर परतली ती याच माणसाच्या भरवशावर. भांडुपच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर असलेले हे हात, त्यांनी त्याला भरवलं, धुतलं, झोपवलं. आताही रोज दुपारी बाराला ते टोपी घालून निघत आणि त्याला बालवाडीतून घेऊन येत. रस्ता ओलांडून, नाक्यावरून, रिक्षांच्या गर्दीतून. गेला महिनाभर ती त्या वेळी खिडकीत उभी राही. दोघं गेटमधून आत आले की परत लॅपटॉपपुढे बसे. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ऊन बघत होते.

मशीन भंगारात गेलं असतं तर निदान एक गोष्ट न बोलता मिटली असती. तेवढंच तिला प्रीतमकडून हवं होतं.

"ताई," प्रीतम म्हणाला. "इकडे या जरा."

त्याने वरचं कव्हर काढून बाजूला ठेवलं होतं. ती वाकली.

"प्लगला जाणारी वायर ही. करंट पोचणार कसा? मधेच कापलीय."

"तुटली असेल. उंदीर..."

"उंदीर टेप लावतो का?" त्याने दोन्ही टोकं बोटांवर घेऊन दाखवली. वायर पक्कडीने सरळ कापलेली होती आणि दोन्ही टोकांवर वेगवेगळी काळी टेप गुंडाळली होती, एकावर एक, घट्ट, कुठेही सुरकुती नाही. "ज्याने केलंय त्याला काम येतं. कापली, कोणाला शॉक नको म्हणून टोकं बंद केली, परत चारही स्क्रू जागच्या जागी. मशीन बंद पाडायचं होतं, पण मारायचं नव्हतं." त्याने मान हलवली. "दहा मिनिटांचं काम आहे. स्कूटरची वायर टाकून देतो. टाकू?"

पंपरूमची किल्ली सोसायटीत एकच होती. ती बाबांच्या जानव्याला असायची; आज सकाळी तिने ती मागून घेतली होती.

तर त्यांनी पाहिलं होतं. मशीन ढकलताना नाही, पण नंतर. ती खाली धावत आली तेव्हा तिच्या तोंडाकडे, गवतातल्या त्या उकरलेल्या जागेकडे. त्यांनी जोडून बघितलं होतं. आणि तिला काहीच विचारलं नव्हतं, जसं तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. महिनाभर दोघं एका टेबलावर जेवत होते, आमटी वाढू का, पुरे गो, असं म्हणत.

मधुवंतीने कानातला इयरफोन काढला.

"टाकू ना, ताई?"

ती बोलणार एवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. तिचे सासरे नंदकिशोर टोपी घालून, गळ्यात बालवाडीचं कार्ड अडकवून निघाले होते. त्या कार्डाशिवाय शाळा मुलाला कोणाच्याही हाती देत नसे. उघडं मशीन बघून ते थांबले. प्रीतमच्या हातातल्या दोन टोकांकडे त्यांनी पाहिलं, मग सुनेकडे. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवत, ते मशीनजवळ बसले.

"टेप ओढून काढू नको," ते प्रीतमला म्हणाले. "ब्लेडान काप. घट्ट गुंडाळलंय मी."

प्रीतमने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पिशवीत ब्लेड शोधू लागला.

"काका, जोडून चालवणार कोण पण?" तो पिशवीत बघतच म्हणाला. "नाहीतर मी येत जाईन. मुलुंडला दोन सोसायट्या करतो, महिन्यातून दोन फेऱ्या."

"ये," नंदकिशोर म्हणाले. "दहिवर असताना कापू नको. पात्याक गवत चिकटता. आणि पोरां खाली असली तर मशीनाक हात लावू नको. एकच पोर असला तरीय नको." ते उठायला लागले. उठताना हात आधार शोधत हवेत फिरला आणि कव्हरवर टेकला. "चल गो मधू, जातंय मी. बारा वाजान गेले."

गेटपर्यंत बावीस पावलं असतील. मधुवंतीला वाटलं, ती नेहमीसारखी वर जाईल, खिडकीत उभी राहील. पाय तसे वळलेही.

"बाबा."

ते थांबले.

"ओजसला मी आणते."

"आज? तुझी मीटिंग असा ना?"

"आजपासून," ती म्हणाली.

प्रीतम टेपवर ब्लेड चालवत होता. वर कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. नंदकिशोरांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली. ते रागावतील याची तिने वाट पाहिली. निदान का, असं तरी विचारतील.

त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं. त्याची नाडी टोपीला अडकली, ती सोडवायला वेळ लागला. मधुवंतीने हात पुढे केला नाही.

"साडेबाराक फाटक उघडता," ते म्हणाले. आवाज साधा होता, पाळी बदलताना दुसऱ्या कामगाराला मशीन समजावून द्यावं तसा. "त्याच्या आधी दहा मिनटां जा. डाव्या अंगाक उभी रव, खांबाकडे. उजवीकडे रवलंस तर तो तुका बघून धावत येता, आणि थंय मधे रिक्षा उभ्यो असतत. डावीकडे रवलंस तर आधी तुका शोधता. शोधता तेव्हा थांबता."

"बरं."

"बाटली बाईंकडेच विसरता. मागून घे."

"हो."

"नाक्यावर उचलून घे. चालतंय म्हणतलो, नको ऐकू." "माका उचलूक जमनासा झाला, म्हणान मी हात धरतंय. मनगट धर. बोटां धरलंस तर सुटतत."

तिने मान हलवली. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि तिच्या हातात दिलं. त्यावर त्यांचा फोटो होता, टोपीशिवाय, जरा जास्तच ताठ बसलेला.

ती गेटकडे निघाली. कार्डाची नाडी अजून त्यांच्या मानेची गरम होती. चालता चालता त्या रविवारची भीती महिनाभर उशिरा तिच्यापर्यंत पोचली, आणि तिला गेटचा गज धरून उभं राहावं लागलं. वॉचमनने विचारलं, काय झालं ताई. ती डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट दाबून बघत होती, किती घट्ट धरावं लागतं ते.